कोकणातून नर्स म्हणून परदेशी जायचंय? मग हे क्रमाने करा

नर्सिंगचा रिझल्ट लागला की मेसेज सुरू होतात. ताई दुबईचं काय होईल, जर्मनीला खर्च किती, एजंट दोन लाख मागतोय देऊ का. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुली विचारतात, हल्ली मुलगे पण विचारतात, प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते. मी मस्कतला काम केलंय, आता कुडाळला असते, आणि जाणाऱ्यांचे कागद बघून द्यायचं काम मनापासून करते. हे जीएनएम म्हणजे डिप्लोमावाल्या आणि बीएससी नर्सिंगवाल्यांसाठी आहे. एएनएमवाल्यांनी, म्हणजे सहायक नर्सचा कोर्स केलेल्यांनी वाचलं तरी चालेल, पण बाहेर बहुतेक ठिकाणी एएनएमला रजिस्टर्ड नर्स धरत नाहीत, असिस्टंट म्हणूनच घेतात, तेव्हा जाहिरातीत स्टाफ नर्स लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका.

आधी हा व्यवहार कसा चालतो ते बघा

आरोग्यसेवेचा देशादेशांत व्यापार होतो, आणि त्याचे चार प्रकार आहेत. जागतिक व्यापार संघटनेचा सेवांसाठीचा गॅट्स नावाचा करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे, त्यात हे चार प्रकार दिलेत. पहिला, माणूस कुठेच जात नाही, काम जातं, म्हणजे तिकडच्या पेशंटचा एक्स-रे इकडे बसून वाचायचा किंवा मेडिकल कोडिंग करायचं. दुसरा, पेशंट जातो, ओमान नाहीतर आफ्रिकेतला माणूस मुंबईत येऊन ऑपरेशन करून घेतो तसा. तिसरा, अख्खं हॉस्पिटलच दुसऱ्या देशात उघडतं. आणि चौथा, सेवा देणारा माणूस जातो. म्हणजे आपण.

हे सांगण्याचं कारण असं की या चौथ्या प्रकारात देशांनी दारं सगळ्यात कमी उघडलीत, आणि गॅट्समध्येच लिहिलंय की दुसऱ्या देशाच्या नोकरीबाजारात शिरणाऱ्यांना किंवा कायमची नोकरी-नागरिकत्व मागणाऱ्यांना हा करार लागू नाही. म्हणजे तिकडे तुमचा पगार अडला तर जागतिक करार मदतीला येत नाही. तुम्हाला वाचवतात दोनच गोष्टी, आपल्या देशाचा एमिग्रेशनचा (म्हणजे परदेशी जाणाऱ्यांसाठीचा) कायदा आणि तुम्ही जाताय त्या देशाचा कामगार कायदा, आणि या दोन्हींचा फायदा मिळायला तुमचे कागद सरळ मार्गाने झालेले असले पाहिजेत. एजंटची सगळी लबाडी या कागदांच्या क्रमात असते. तो आधी पैसे मागतो, मग कागद करतो, मग ऑफर दाखवतो. आपल्याला आधी आपले कागद नीट करायचेत, मग ऑफर तपासायची, आणि एजंटच्या पैशाचं सगळ्यात शेवटी.

पहिलं काम, देश ठरवा, आणि ठरवताना भाषा आणि वेळ बघा

सगळे पगार बघून देश ठरवतात. पगार बघाच, पण त्याआधी हे बघा की तुम्हाला किती महिने थांबणं परवडणार आहे.

गल्फ सगळ्यात लवकर होतं कारण भाषेची वेगळी परीक्षा बहुतेक ठिकाणी लागत नाही, लायसन्सची परीक्षा इंग्रजीत कॉम्प्युटरवर असते. पण गल्फ म्हणजे एक देश नाही हे लक्षात घ्या. एकट्या युएईत तीन वेगळी लायसन्सं आहेत, दुबईसाठी डीएचए, अबुधाबीसाठी डीओएच ज्याला जुने लोक अजून हाद म्हणतात, आणि इतर अमिरातींसाठी एमओएचएपी, एकाचं लायसन्स दुसरीकडे आपोआप चालत नाही. सौदीचं एससीएफएचएस वेगळं, तिथे बीएससीवालीला स्पेशालिस्ट म्हणतात आणि डिप्लोमावालीला टेक्निशियन, पगारात फरक पडतो. ओमान, कतार, बहरीन, कुवेत यांचे आपापले नियम. म्हणून 'गल्फची परीक्षा देते' असं म्हणणाऱ्या मुलीला मी पहिल्यांदा विचारते, कुठली? ते ठरल्याशिवाय क्लासची फी भरू नका.

युकेला नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल म्हणजे एनएमसीकडे रजिस्ट्रेशन लागतं. इंग्रजीसाठी आयईएलटीएस या परीक्षेत वाचन, ऐकणं आणि बोलणं यात ७ आणि लेखनात ६.५, एकूण ७, नाहीतर ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा, त्यात तीन भागांत बी आणि लेखनात सी प्लस. माझं मत विचाराल तर ओईटी आपल्या मुलींना बरी पडते कारण त्यात पेशंटच्या केस नोट्स, रेफरल लेटर असलं सगळं असतं, जे आपण वॉर्डात रोज करतो. मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा इथेच देता येते आणि ऑस्की म्हणजे प्रॅक्टिकल तिकडे जाऊन. आणखी एक, युकेत केअर वर्करच्या नावावर खूप लोकांची फसवणूक झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरच्या देशातून नवीन केअर वर्कर घेणं त्यांनी बंद केलंय. आता कोणी तुम्हाला केअर वर्करचा व्हिसा देतो म्हणत असेल तर फोन ठेवून द्या.

जर्मनीबद्दल सध्या सगळ्यात जास्त विचारतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार झाला, १०,००० लोकांचं उद्दिष्ट होतं आणि त्यात नर्सिंगही होतं. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर त्यात पुढे होते, ते आपल्या सावंतवाडीचेच. पण करार झाला म्हणून कोणाला नोकरी घरी येत नाही. भाषा तुम्हालाच शिकायची आहे आणि ती खरंच कठीण आहे. जायला साधारण बी१ म्हणजे भाषेची मधली लेव्हल आणि पूर्ण नर्स म्हणून काम करायला त्याच्या वरची बी२ लेव्हल लागते. ड्युटी सांभाळून शिकणार असाल तर दीड वर्ष तरी हाताशी ठेवा, 'सहा महिन्यांत बी२' अशी जाहिरात करणाऱ्या क्लासवर माझा तरी विश्वास नाही. तुमचं शिक्षण ते त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात, कमी पडलेलं दाखवतात, आणि मग एक परीक्षा तरी द्यायची किंवा तिकडच्या हॉस्पिटलमध्ये ठराविक काळ ट्रेनिंग तरी करायचं, ते होईपर्यंत तुम्ही असिस्टंट म्हणून काम करता आणि पगारही त्याप्रमाणे मिळतो. शिवाय टॅक्स आणि विम्याचे पैसे कापून हातात येणारी रक्कम करारातल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते, एकट्या माणसाची साधारण एक तृतीयांश जाते असं धरा. गल्फमध्ये पगारावर इन्कम टॅक्स नाही, तेव्हा दोन ऑफर शेजारी ठेवताना हातात पडणारा पगार ठेवून बघा.

आणि एक गोष्ट जी इकडे कोणीच सांगत नाही. जर्मनीत पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, डायपर बदलणं हे सगळं नर्सचं काम आहे. आपल्याकडे ते मावशी करतात किंवा नातेवाईक करतात. तिकडे त्याला कमीपणा समजत नाहीत, ते नर्सिंगचा मुख्य भाग आहे. पण आयसीयूत दोन वर्षं व्हेंटिलेटर सांभाळलेली मुलगी तिकडे गेल्यावर पहिल्या महिन्यात रडते, कारण तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं. मनाची तयारी असेल तरच जा.

दुसरं काम, नाव

ऐकायला फालतू वाटतं पण सगळ्यात जास्त फायली इथे अडकतात. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटवर कधी वडिलांचं नाव गाळलेलं, कधी आईचं नाव टाकलेलं. त्यात लग्न झालं की आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मग तिकडचा क्लार्क बघतो की चार कागदांवर चार बायका आहेत.

सगळे कागद टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव इंग्रजी स्पेलिंगसकट एका वहीत उतरवून काढा, अक्षर न् अक्षर. पासपोर्ट अजून काढला नसेल तर दहावीच्या मार्कशीटवरच्या स्पेलिंगप्रमाणेच काढा. आणि लग्न ठरलंय किंवा नुकतंच झालंय त्यांनी पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका, लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी कायद्याने सक्ती नाहीय, माहेरच्या नावावर सगळी प्रोसेस करून मोकळं व्हा. सासूबाईंना नीट समजावून सांगा, ऐकतात. नाव आधीच बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेट लागेल, आणि स्पेलिंगचाच घोळ असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट आणि गरज पडली तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल. राजपत्राचं काम ऑनलाइन होतं, त्यासाठी मध्यस्थाला हजारो रुपये द्यायचं कारण नाही.

तिसरं काम, अनुभवाचा कागद

परदेशात अनुभव मागतात, बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं, आणि तो कसा मोजतात ते आपल्याकडच्या मुलींना उशिरा कळतं. आपल्याकडे बहुतेक जणी तालुक्याच्या ठिकाणी पंधरा-वीस बेडच्या हॉस्पिटलमध्ये काम करतात. काम भरपूर असतं, डिलिव्हरी, सर्पदंश, विंचू, अ‍ॅक्सिडेंट, रात्री एकटीने सगळं सांभाळलेलं असतं. पण कागदावर काय असतं? अपॉइंटमेंट लेटर नाही, पगार हातात रोख, सोडताना डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर लिहून दिलेलं 'शी हॅज वर्क्ड'. हा अनुभव शून्य धरला जाऊ शकतो.

तेव्हा आज नोकरीत असाल तर आजच अपॉइंटमेंट लेटर मागा आणि पगार बँकेत टाकायला सांगा. डॉक्टर नाही म्हणत नाहीत, कोणी मागितलेलं नसतं एवढंच. सोडताना सर्टिफिकेटवर हॉस्पिटलचं लेटरहेड, तुमचं पासपोर्टप्रमाणे नाव, पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कुठल्या वॉर्डात काम केलंत, हॉस्पिटल किती बेडचं, फुल टाइम की पार्ट टाइम, आणि सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा-शिक्का, एवढं सगळं पाहिजे. शक्य असेल तर डेरवणसारख्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये, जिल्हा रुग्णालयात, नाहीतर गोव्याला किंवा मुंबईला मोठ्या ठिकाणी एक-दोन वर्षं काढा. घरापासून लांब पडतं, पगारात फारसा फरक नसतो, तरीही काढा, कारण परदेशी जो इंटरव्ह्यू होतो त्यात एकाच डिपार्टमेंटचा अनुभव विचारतात आणि 'सगळं करायचे' हे उत्तर त्यांना कळत नाही.

आता यातलीच पुढची अडचण. गल्फमध्ये तुमचे कागद डेटाफ्लो नावाची कंपनी तपासते, ते तुमच्या कॉलेजला, कौन्सिलला आणि हॉस्पिटलला थेट विचारतात की हे तुम्ही दिलंय का. छोट्या हॉस्पिटलमध्ये तो ईमेल उघडणारं कोणी नसतं. सहा-सात वर्षांपूर्वी कोणीतरी काढलेला ईमेल आयडी, पासवर्ड कोणाला माहीत नाही, आणि मेल आलाच तर स्पॅममध्ये. उत्तर गेलं नाही की तुमचा रिपोर्ट 'पडताळणी होऊ शकली नाही' असा येतो. म्हणून अर्ज करण्याआधी स्वतः हॉस्पिटलमध्ये जा, काउंटर सांभाळणाऱ्या बाईंना किंवा डॉक्टरांच्या मिसेसना सगळं सांगा, कुठला ईमेल रोज बघतात तोच फॉर्ममध्ये द्या, आणि अर्ज गेल्यावर परत फोन करून स्पॅम फोल्डर बघायला सांगा. कोणी रत्नागिरीची मुलगी चार महिने थांबते आणि तिची मैत्रीण तीन आठवड्यांत मोकळी होते, त्यात बऱ्याचदा फरक एवढाच असतो.

खोटं सर्टिफिकेट जोडू नका. एजंट म्हणेल सगळे जोडतात. एकदा निगेटिव्ह रिपोर्ट आला की तो तुमच्या नावावर राहतो आणि दुसऱ्या गल्फ देशातही आडवा येतो.

चौथं काम, कौन्सिल आणि शिक्के

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा. दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं आणि त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना करायच्या नर्सिंगच्या ट्रेनिंगचे क्रेडिट पॉइंट लागतात, ते गोळा करायला वेळ जातो, ऐनवेळी होत नाही. कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट काढावं लागतं म्हणजे तुमच्यावर कुठली कारवाई नाही याचा दाखला, हा ताजा लागतो, साधारण सहा महिन्यांच्या आतला, त्यामुळे हौसेने वर्षभर आधी काढून ठेवू नका.

डिग्रीवर शिक्के मारायचे त्याचे दोन प्रकार. ज्या देशांत अपॉस्टील, म्हणजे एका आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी एकमेकांचे कागद मानायचा शिक्का चालतो तिथे राज्य सरकारचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टील एवढं पुरतं, ओमान, बहरीन, सौदी यात येतात. युएई त्या करारात नाही, तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. जर्मनीचं वेगळंच आहे, भारत २००५ मध्ये अपॉस्टीलच्या करारात आला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला होता, तेव्हा जर्मनीसाठी कोणी अपॉस्टीलचे पैसे मागत असेल तर आधी जर्मन वकिलातीच्या वेबसाइटवर काय मागितलंय ते वाचा.

ओरिजिनल कागद कोणाकडेही ठेवायला देऊ नका. ना कॉलेजकडे, ना सध्याच्या हॉस्पिटलकडे, ना एजंटकडे. शिक्क्यांसाठी द्यावे लागले तर पोचपावती घ्या आणि आधी सगळं रंगीत स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

मध्येच एक छोटं काम, एक्स-रे

परीक्षा, डेटाफ्लो, सगळ्यावर पैसे खर्च झाल्यावर शेवटी मेडिकल होतं आणि तिथे मुली बाद होतात. गल्फसाठी ठराविक सेंटरवरच मेडिकल करावं लागतं, पूर्वी त्याला गामका म्हणायचे, आता वाफिद म्हणतात. त्यात छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी वगैरे असतं. जुना बरा झालेला टीबी असला आणि फुप्फुसावर डाग राहिला असला तरी गल्फवाले अनफिट करतात. आपण टीबी वॉर्डात कामं केलेली असतात, लहानपणी कोणाला होऊन गेलेला असतो. तेव्हा देश ठरवायच्याच वेळी गावातच एक एक्स-रे आणि हिपॅटायटिसची रक्त तपासणी करून घ्या, काहीशे रुपयांचं काम आहे. डाग दिसला तर गल्फवर पैसे घालवण्याआधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि दुसऱ्या देशांचे मेडिकलचे नियम वाचून बघा, प्रत्येकाचे सारखे नसतात.

आता एजंट

परदेशी माणसं पाठवायचा धंदा आपल्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली चालतो आणि त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचं लायसन्स लागतं. ई-मायग्रेट नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे लायसन्स असलेल्या एजंटांची यादी आहे, चालू कोणाचं, सस्पेंड कोणाचं, रद्द कोणाचं सगळं दिसतं. एजंटला पहिला प्रश्न, आरसी नंबर, म्हणजे लायसन्सचा रजिस्ट्रेशन नंबर काय? तो नंबर त्या साइटवर स्वतः टाकून बघा, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो बघू नका. 'मुंबईच्या ऑफिसचा मी इथला माणूस' म्हणणारा सब-एजंट कायद्यात बसत नाही. तो तुमच्या मामाच्या ओळखीचा असला तरी नाही बसत.

फीची मर्यादा ठरलेली आहे. एजंट तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००. दोन लाख, तीन लाख, साडेचार लाख हे सगळे आकडे बेकायदा आहेत. परीक्षा, डेटाफ्लो, शिक्के यांचा खर्च वेगळा असतो, पण तो तुम्ही स्वतः त्या त्या वेबसाइटवर भरू शकता, सगळ्यांचं ऑनलाइन पेमेंट आहे. युएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाने करायचा असं स्पष्ट आहे. जे काही द्याल ते बँकेतून द्या आणि पावती घ्या. चिपळूणजवळची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वडिलांनी बागेवर कर्ज काढून एजंटला रोख पैसे दिलेले, कागद एकच होता, एका वहीच्या पानावर आकडा आणि सही. त्या पानावर पोलीस तरी काय करणार? तिचे वडील समोर बसून मलाच विचारत होते की आमची चूक काय झाली, आणि चूक त्यांची नव्हतीच, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि नर्ससाठी एक खास नियम आहे. दहावी झालेल्यांचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे एरवी एमिग्रेशन क्लिअरन्स, परदेशी नोकरीला जायची सरकारी मंजुरी, लागत नाही. पण २०१५ पासून १८ ईसीआर म्हणजे क्लिअरन्स लागणाऱ्या देशांत नर्स म्हणून नोकरीला जायचं असेल तर पासपोर्ट कसलाही असो, ई-मायग्रेटवरून क्लिअरन्स लागतो. सगळं गल्फ या यादीत आहे, मलेशियाही आहे. तेव्हापासून या भरतीत सरकारी एजन्स्यांना पुढे केलंय, केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक, तामिळनाडूची ओएमसीएल अशा. त्यांच्या जाहिराती बघत राहा, अटी वाचा. केरळच्या मुली एवढ्या संख्येने बाहेर दिसतात त्यामागे हुशारी आहेच, पण राज्याने उभी केलेली ही व्यवस्था पण आहे, आणि आपल्या कोकणातल्या मुलींना तसा आधार मिळायला हवा असं मला अगदी तळमळून वाटतं. जर्मनीसाठी ट्रिपल विन नावाचा कार्यक्रम आहे, जर्मन सरकारच्या संस्थांचा, त्यात उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेत नाहीत. खाजगी एजंटची तुलना याच्याशी करा.

एजंट म्हणाला 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो' तर तिथेच थांबा. व्हिजिट व्हिसावर गेलात की क्लिअरन्स नाही, विमा नाही, करार नाही, आणि काम करताना पकडलं तर दोषी तुम्ही.

ऑफर लेटर कसं वाचायचं

एकूण पगाराखाली जे बारीक लिहिलेलं असतं ते वाचायचं. बेसिक किती आणि अलाउन्स किती? समजा दुबईची ऑफर आहे महिना ५,००० दिरहम. एका कंपनीने बेसिक २,००० लावलंय आणि ३,००० अलाउन्स. दुसरीने बेसिक ३,५०० आणि १,५०० अलाउन्स. दर महिन्याला हातात तेवढेच येतात. पण युएईत नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचं बेसिक. पाच वर्षांचे झाले १०५ दिवस. पहिल्या कंपनीत मिळतील ७,००० दिरहम, दुसरीत १२,२५०. तेच काम, तोच पगार. इंटरव्ह्यूत बेसिक वाढवून मागा, मुली लाजतात, लाजू नका, भारतातून नर्स मिळाली नाही तर त्यांचा वॉर्ड चालत नाही हे त्यांना माहीत असतं.

मग बघा आठवड्याला तास किती, ओव्हरटाइम कसा, राहायची सोय म्हणजे खोलीत किती जणी, जेवण आणि ड्युटीची बस, वर्षाला सुट्टी आणि गावी यायचं तिकीट मालक देणार का, आणि प्रोबेशन किती. बाँड असेल तर तो किती वर्षांचा आणि मोडला तर नक्की किती पैसे भरायचे तो आकडा लिहिलेला पाहिजे, 'कंपनी ठरवेल' असं लिहिलेलं असेल तर सही नको. पदाचं नाव तपासा, स्टाफ नर्स की असिस्टंट नर्स की पेशंट केअर. इथे दाखवलेला करार आणि तिकडे गेल्यावर सहीला दिलेला करार वेगळा निघतो अशी उदाहरणं आहेत, म्हणून इथल्या कराराची सही झालेली प्रत घरी भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवूनच निघा.

निघण्याआधी

क्लिअरन्सबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजना काढली जाते, दोन वर्षांचे २७५ रुपये किंवा तीन वर्षांचे ३७५, त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण आहे. स्वस्त आहे म्हणून एजंट विसरतो, तुम्ही पॉलिसीचा नंबर मागून घरी लिहून ठेवा. तिकडच्या भारतीय दूतावासाचा नंबर फोनमध्ये घाला, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार कशी करतात ते निघायच्या आधी एकदा उघडून बघा, संकटात सापडल्यावर वेबसाइट शिकायला डोकं चालत नाही. घरच्यांना पण शिकवून ठेवा कारण ती तक्रार घरची माणसंही टाकू शकतात.

बँकेत जाऊन सांगा की परदेशी चाललेय. साधं बचत खातं तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं करून घ्यायचं आणि तिकडचा पगार पाठवायला एनआरई खातं उघडायचं, त्यावरच्या व्याजाला भारतात टॅक्स नाही. गावच्या शाखेत याची माहिती नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या शाखेत जा.

इथे एक जण हमखास विचारतो की तुम्ही सगळ्या गेलात तर आपल्या पीएचसीत कोण राहणार. प्रश्न खोटा नाही, रात्री पेशंट घेऊन बांबोळीला गोव्याला पळणारी सिंधुदुर्गातली माणसं मी रोज बघते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी एक आचारसंहिता केली, त्यात श्रीमंत देशांनी आपली माणसं आपण तयार करावीत आणि गरीब देश रिकामे करू नयेत असं आहे. पण त्याचं ओझं कंत्राटी पगारावर वर्षानुवर्षं राबणाऱ्या तेवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर टाकणं मला मान्य नाही. जागा भरा, वेळेवर पगार द्या, क्वार्टरची गळकी कौलं दुरुस्त करा, मग मुली थांबतील का ते बघू.

तिकडे पोचल्यावर

पासपोर्ट मालकाकडे ठेवायला देऊ नका. 'सगळ्यांचे ऑफिसातच असतात' असं म्हणतील, पण युएईत मालकाने कामगाराचा पासपोर्ट अडकवून ठेवणं कायद्यात बसत नाही, व्हिसाच्या कामापुरता द्या आणि परत मागून घ्या. पहिल्या आठवड्यात दूतावासाकडे नाव नोंदवा. दर महिन्याची पे-स्लिप सेव्ह करा.

आणि जाताना जे सगळ्या विसरतात ते म्हणजे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रिन्यूअल. तिकडे दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या लायसन्सला जायचं म्हटलं की परत इथलं गुड स्टँडिंग मागतात, आणि रजिस्ट्रेशन संपलेलं असेल तर ते मिळत नाही, मग सुट्टीचे महत्त्वाचे दिवस मुंबईत कौन्सिलच्या फेऱ्या मारण्यात जातात. रिन्यूअलची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये सहा महिने आधीची टाकून ठेवा, आणि तिकडच्या हॉस्पिटलमध्ये जी ट्रेनिंगं होतात त्यांची सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये जमा करत जा.